विकसित भारत २०४७ आणि विकसित महाराष्ट्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘विकसित भारत २०४७’ हा नेमका कोणता कागद आहे?

पंचवार्षिक योजनांसारखा एकच जाडजूड ग्रंथ शोधायला गेलात तर हाती लागणार नाही. १५ ऑगस्ट २०२२ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी ‘पंचप्रण’ मांडले, त्यातला पहिला विकसित भारताचा. त्याआधीपासून केंद्रीय सचिवांचे दहा क्षेत्रीय गट आपापल्या विषयाचा दीर्घकालीन विचार करत होते. २०२३ मध्ये ते सगळं एकत्र बांधण्याचं काम नीती आयोगाकडे आलं. आयोगाने जुलै २०२४ मध्ये दृष्टिपत्राचा मसुदा पुढे ठेवला आणि २७ जुलैच्या नियामक परिषदेचा विषयही तोच होता. ३० ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था आणि दरडोई वर्षाला १८,००० डॉलर हे आकडे याच मसुद्यातले.

बाकीची उद्दिष्टं ठिकठिकाणी विखुरलेली आहेत: अणुऊर्जेचं २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात, सिकलसेल निर्मूलनाचं २०२३ च्या आरोग्य अभियानात, सर्वांना विम्याचं विमा नियामकाकडे. म्हणून कुणी ‘व्हिजनमध्ये असं म्हटलंय’ म्हणालं, तर आधी कुठल्या कागदात ते विचारा.

हा आराखडा सरकारवर बंधनकारक आहे का?

नाही. उद्दिष्ट हुकलं म्हणून न्यायालयात जाता येणार नाही. नियोजन आयोगाच्या काळातही योजना कायद्याने बंधनकारक नव्हत्याच, पण राज्यांना योजनेचा पैसा देताना आयोगाचा शब्द चालायचा. १ जानेवारी २०१५ पासून आलेल्या नीती आयोगाकडे निधीवाटपाचा अधिकार नाही आणि बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपल्यावर तेरावी आली नाही. पैसा आता तीन दारांतून येतो: वित्त आयोग, केंद्रीय मंत्रालयांच्या योजना आणि केंद्राची राज्यांना पन्नास वर्षांची बिनव्याजी कर्जं. यातली शेवटची रक्कम २०२५-२६ साठी १.५ लाख कोटी रुपये ठेवली होती आणि तिच्या मोठ्या भागाला सुधारणांच्या अटी असतात. आराखड्याचे खरे दात या अटींमध्ये आहेत.

एक ठळक अपवाद डिसेंबर २०२५ मध्ये झाला. मनरेगाच्या जागी आलेल्या ग्रामीण रोजगाराच्या नव्या कायद्याच्या नावातच ‘विकसित भारत’ आहे. हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, खर्चात बहुतेक राज्यांचा वाटा ४० टक्के ठरला आणि शेतीच्या ऐन हंगामात साठ दिवसांपर्यंत कामं थांबवण्याची मुभा आली. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीपासून ज्या राज्याने हा विषय देशाला दिला, त्या महाराष्ट्राला ४० टक्क्यांचं गणित बसवताना घाम फुटणार आहे. पूर्वी अकुशल मजुरी जवळपास सगळी केंद्राकडून यायची.

‘विकसित देश’ हा शिक्का मारतं कोण?

असा शिक्का मारणारी संस्था नाही. जागतिक बँक दरडोई राष्ट्रीय उत्पन्नावरून चार गट पाडते. जुलै २०२५ च्या वर्गवारीत १३,९३५ डॉलरच्या वर ‘उच्च उत्पन्न’, ४,४९६ ते १३,९३५ ‘उच्च-मध्यम’, १,१३६ ते ४,४९५ ‘निम्न-मध्यम’. भारत २००७ पासून निम्न-मध्यम गटात आहे. नाणेनिधीची ‘प्रगत अर्थव्यवस्थां’ची यादी वेगळी. संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शालेय वर्षंही मोजतो. त्यात २०२३ च्या आकड्यांवर भारत ०.६८५ गुणांसह १९३ देशांत १३० वा होता. ‘अतिउच्च’ गटाची रेषा ०.८०० वर आहे.

सरकारी भाषणांत ‘विकसित’ म्हणजे बहुधा जागतिक बँकेची सगळ्यात वरची, ‘उच्च उत्पन्ना’ची पायरी. मधल्या ‘उच्च-मध्यम’ पायरीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, पण आराखडा रुळावर आहे की नाही हे आधी तिथेच दिसेल.

३० ट्रिलियन डॉलर म्हणजे किती आणि तिथे पोचायला किती वेग लागतो?

एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. म्हणजे ३० लाख कोटी डॉलर. मसुद्याने सुरुवात ३.३६ ट्रिलियन धरली आहे, म्हणजे साधारण नऊपट वाढ. आधी एक साधा ताळा करू. ३० लाख कोटीला १८,००० ने भागलं की १६६ कोटी येतात. तेव्हाची लोकसंख्या साधारण तेवढीच असण्याचा अंदाज आहे, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात.

आता वेग. २०२३ पासून २४ वर्षं धरली तर डॉलरमध्ये दरवर्षी सुमारे साडेनऊ टक्के वाढ हवी. लोक इथेच घसरतात. बातमीत येणारा ‘जीडीपी ७ टक्क्यांनी वाढला’ हा आकडा महागाई वजा केलेला आणि रुपयातला असतो. त्याचा डॉलर-आकडा असा काढा: खऱ्या वाढीत महागाई मिळवा, रुपयाची घसरण वजा करा.

खरी वाढ ७ टक्के, महागाई ४ टक्के (रिझर्व्ह बँकेचं लक्ष्यच तेवढं आहे) आणि रुपया वर्षाला २ टक्क्यांनी घसरला, तर डॉलरमधली वाढ सुमारे ९.१ टक्के होते आणि २०४७ ला अर्थव्यवस्था २७ ट्रिलियनच्या आसपास जाते. बाकी सगळं तसंच ठेवून रुपया फक्त ३ टक्क्यांनी घसरला, तर तोच आकडा साडेएकवीस ट्रिलियनवर येतो. कारखाने तेच, शेतं तीच, नोकऱ्या त्याच. फरक विनिमय दराचा. उलट रुपया कृत्रिमरीत्या महाग ठेवून डॉलरचा आकडा फुगवता येतो, पण निर्यात मार खाते. म्हणून फक्त डॉलरच्या लक्ष्यावर सरकारला शाबासकी देऊ नये आणि शिव्याही घालू नयेत. खऱ्या वाढीचा दर पाहावा.

मग खऱ्या वाढीचा दर किती हवा?

जागतिक बँकेच्या फेब्रुवारी २०२५ च्या अहवालाप्रमाणे पुढची २२ वर्षं सरासरी ७.८ टक्के. २००० ते २०२४ या काळात आपली सरासरी ६.३ टक्के होती. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो सलग दोन दशकं टिकवायचा आहे, आणि त्यात एखादी महामारी किंवा बँकांचं संकट येईल असं धरलेलं नाही. आलंच तर उरलेल्या वर्षांचा दर आणखी चढतो.

त्यासाठी त्या अहवालाने मागितलेल्या गोष्टी: गुंतवणूक जीडीपीच्या ३३.५ टक्क्यांवरून २०३५ पर्यंत ४० टक्क्यांवर, आणि काम करणाऱ्या वा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण ५६.४ वरून ६५ टक्क्यांच्या वर. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड: शेतीतून माणसं बाहेर येणं. २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात ४६ टक्के रोजगार शेतीत होता, आणि देशाच्या मूल्यवर्धनात (म्हणजे ढोबळमानाने उत्पन्नात) तिचा वाटा त्याच्या निम्म्याहूनही कमी. करोनाआधी हे प्रमाण उतरत होतं, नंतर उलटं चढलं. केंद्राच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीने २०३० पर्यंत दरवर्षी सरासरी ७८.५ लाख बिगरशेती रोजगारांची गरज सांगितली आहे. आराखडा फसणारच असेल तर बहुधा इथे फसेल. संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्क्यांवर अडकलेला असणं हा दुसरा धोका, पण त्याचे चटके उशिरा जाणवतात.

महिलांच्या रोजगाराचे दोन वेगवेगळे आकडे का दिसतात?

जागतिक बँकेच्या त्याच अहवालात महिलांचा सहभाग ३५.६ टक्के आहे आणि २०४७ पर्यंत तो ५० वर न्यायचा आहे. आपल्या श्रमशक्ती सर्वेक्षणात २०२३-२४ ला तो ४१.७ टक्के होता, २०१७-१८ ला २३.३. दोघांच्या व्याख्या वेगळ्या. आपल्या मोजणीत घरच्या शेतीत वा दुकानात बिनपगारी मदत करणारी बाईही ‘कामात’ धरली जाते, आणि गेल्या काही वर्षांतल्या वाढीचा मोठा भाग ग्रामीण स्वयंरोजगार व या बिनपगारी मदतीतला आहे. म्हणून फक्त सहभागाची टक्केवारी पाहू नका. श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या अहवालात नियमित पगारी काम करणाऱ्या महिलांचं प्रमाण वेगळं दिलेलं असतं, ते पाहा.

दरडोई १८,००० डॉलर झाले की उच्च उत्पन्नाची रेषा पार?

सांगता येत नाही, कारण रेषाही सरकते. जुलै २०११ मध्ये ती १२,२७५ डॉलरवर होती, जुलै २०२५ मध्ये १३,९३५ वर. म्हणजे वर्षाला सुमारे ०.९ टक्का. हाच वेग राहिला तर २०४७ ला रेषा १७,००० च्या आसपास असेल आणि आपण जेमतेम पार होऊ. ती २ टक्क्यांनी सरकली तर साडेएकवीस हजारांवर जाईल आणि १८,००० डॉलर (चालू किमतींतले धरले तर) कमी पडतील. मसुद्यावर बोलणारे बहुतेक वक्ते आजची रेषा आणि २०४७ चे डॉलर शेजारी ठेवतात. ती तुलनाच चुकीची.

आणि ही सरासरी आहे. मुंबई उपनगर आणि नंदुरबार यांची सरासरी काढली तर जे होतं, तेच इथेही.

महाराष्ट्राचा स्वतःचा आराखडा आहे का?

आहे. ‘विकसित महाराष्ट्र २०४७’ तीन टप्प्यांत बांधला आहे: २०२९, महाराष्ट्राला ७५ वर्षं होतात ते २०३५, आणि २०४७. शेवटच्या टप्प्याचं लक्ष्य ५ ट्रिलियन डॉलर. २०२५ मध्ये विभागवार गट नेमून आणि नागरिकांकडून प्रश्नावली भरून घेऊन तो तयार केला. त्याआधी एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखालच्या आर्थिक सल्लागार परिषदेला एक ट्रिलियनचा रस्ता विचारला होता. तेव्हा मुदत २०२७-२८ होती. आता ती दशकाच्या अखेरीकडे सरकली आहे.

२०२४-२५ चं राज्य उत्पन्न सुमारे ४५ लाख कोटी रुपये, म्हणजे अर्ध्या ट्रिलियनहून थोडं जास्त. तिथून ५ ट्रिलियनला जायचं तर २२ वर्षं दरवर्षी डॉलरमध्ये साडेदहा टक्क्यांहून अधिक वाढ हवी. देशाच्या लक्ष्यापेक्षा हा वेग जास्त आहे. ३० पैकी ५ म्हणजे जवळपास १७ टक्के वाटा. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात देशाच्या जीडीपीतला महाराष्ट्राचा वाटा १५ टक्क्यांच्या वरून १३.३ वर उतरलेला दिसतो. म्हणजे उतरणारा वाटा आधी थांबवायचा, मग उलटा फिरवायचा. यावर जाहीर कार्यक्रमांत अवाक्षर निघत नाही.

पैशाची बाजूही पाहा. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये आणि कर्ज नऊ लाख कोटींच्या वर. लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटी ठेवले होते. योजना चांगली की वाईट हा वाद बाजूला ठेवला, तरी महसुली तूट असताना कर्जाचा काही भाग रोजच्या खर्चात जातो आणि रस्ते-बंदरं-कालव्यांना उरणारी रक्कम आटते, एवढं खरं.

सगळ्या राज्यांची लक्ष्यं एकत्र केली तर?

गंमत आहे. महाराष्ट्र ५, उत्तर प्रदेश ६, गुजरात ३.५, तेलंगणा ३, आंध्र प्रदेश २.४. बेरीज १९.९ ट्रिलियन. आज या पाच राज्यांचा देशाच्या उत्पन्नात साधारण ४० टक्के वाटा आहे, लक्ष्यांमध्ये तो ६६ टक्के होतो. तमिळनाडू, कर्नाटक, पश्चिम बंगाल, बिहारसकट उरलेल्या सगळ्यांनी मिळून दहा ट्रिलियनवर समाधान मानलं तरच हे बसतं. प्रत्येक राज्याने आपापल्या सल्लागाराकडून आकडा काढून घेतला आणि बेरीज कुणी केली नाही, असा याचा सरळ अर्थ.

विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषाचं यात काय?

दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याच्या सरासरीच्या तुलनेत तालुक्या-जिल्ह्यांची तूट मोजून सुमारे ३,१८६ कोटींचा अनुशेष काढला. केळकर समितीने २०१३ मध्ये पाणी, दरडोई उत्पन्न अशा कसोट्या लावून पुन्हा मांडणी केली. दोन्हींत ‘कुणाचं किती राहिलं’ याचा हिशेब होता. आताच्या दृष्टिपत्रांत भाषा क्षेत्रांची आहे: ऊर्जा, वाहतूक, उद्योग, पर्यटन. क्षेत्रवार लक्ष्य पुणे-ठाणे पट्ट्यातच पूर्ण झालं तरी कागदावर ते पूर्णच दिसतं. वाढवण बंदर घ्या: ७६,२२० कोटी रुपये, वर्षाला २९.८ कोटी टन मालाची क्षमता. पूर्ण झालं की राज्याचे आकडे उसळतील, पण वाशिमला त्यातून काय मिळेल ते रेल्वे आणि गोदामांवर अवलंबून.

केंद्राच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात (जानेवारी २०१८, ११२ जिल्हे) महाराष्ट्रातले चार आहेत: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव. ४९ निर्देशांकांपैकी आरोग्य-पोषण आणि शिक्षण यांना प्रत्येकी ३० टक्के वजन, शेती-पाण्याला २०, वित्तीय समावेशन-कौशल्य आणि पायाभूत सुविधांना प्रत्येकी १०. इथे एक सापळा आहे. मासिक क्रमवारी ‘किती सुधारणा झाली’ यावर लागते, ‘कुठे पोचलात’ यावर नाही. त्यामुळे अगदी तळातला जिल्हा एखाद्या महिन्यात देशात पहिला येऊ शकतो आणि फलक लागतात. शिवाय बराचसा आकडा जिल्ह्यातूनच भरला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

आमच्या ग्रामपंचायतीपर्यंत हे कसं पोचतं?

ग्रामपंचायत विकास आराखड्यातून. आपल्याकडे हे काम ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने चालतं. क्रम असा: वॉर्डसभा आणि महिला सभा, शिवारफेरी, सुविधांच्या तुटीची यादी, नऊ संकल्पनांपैकी प्राधान्याची निवड (बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव वगैरे), जिल्हा परिषदेच्या अभियंत्याकडून अंदाजपत्रक, ग्रामसभेची मंजुरी, मग ई-ग्रामस्वराज पोर्टलवर नोंद. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते.

निधीची विभागणी समजली नाही तर ग्रामसभा नुसती भांडणात जाते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के बंधित (निम्मा पाणी, निम्मा स्वच्छता) आणि ४० टक्के अबंधित होता. समजा गावाला दहा लाख आले, तर सिमेंट रस्ता, पेव्हर ब्लॉक, शाळेची भिंत, अंगणवाडीची दुरुस्ती सगळं चार लाखांत बसवायचं. ‘दहा लाख आले, गेले कुठे?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. स्वनिधीतून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याण आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो, तो वेगळा. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो. त्यामुळे जुनी टक्केवारी डोक्यात ठेवून यादी करू नका, त्या वर्षाचा शासन निर्णय आधी वाचा.

अडतं कुठे, तर:

- मागच्या वर्षीची यादी तारीख बदलून अपलोड होते. ओळखायची खूण: पूर्ण झालेलं काम पुन्हा यादीत.
- ग्रामसभेच्या इतिवृत्तात काम आहे, पोर्टलवर नाही. पोर्टलवर नसलेल्या कामाचं बिल निघत नाही. वर्षाच्या मध्यात बदल करायचा तर पुरवणी आराखडा करावा लागतो.
- बंधित निधीत न बसणारं काम ‘स्वच्छता’ म्हणून घुसवलं जातं आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघतो.
- निवडून आलेली बॉडी नसेल तर वित्त आयोगाचा निधीच येत नाही. २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर प्रशासक होते, तेव्हा त्यांच्या वाट्याचे दहा-दहा टक्के असेच अडकले.

ई-ग्रामस्वराजवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडून आराखडा आणि झालेला खर्च कुणालाही पाहता येतो, लॉगिन लागत नाही. ग्रामसभेला जाताना त्या पानाची प्रिंट खिशात असली की चर्चा लवकर मुद्द्यावर येते.

शंभर गिगावॅट अणुऊर्जा खरंच होईल?

लक्ष्य २०४७ चं आहे आणि सध्याची क्षमता नऊ गिगावॅटच्याही आत आहे. तारापूरच्या पहिल्या अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या, म्हणजे इथवर यायला अर्धशतकाहून जास्त लागलं. जैतापूरला ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प ठरलेला आहे, पण तिथे एकही अणुभट्टी उभी नाही. आमच्या मते या आराखड्यातलं सगळ्यात ताणलेलं उद्दिष्ट हेच.

दुसऱ्या कुठल्या देशाने असा मुदतीचा आराखडा केला होता?

जवळचं उदाहरण मलेशियाचं. महाथिर मोहम्मद यांनी १९९१ मध्ये ‘वावासान २०२०’ मांडला: तीस वर्षं ७ टक्के वाढ, दर दहा वर्षांनी दुप्पट, म्हणजे एकूण आठपट. सुरुवातीची वर्षं त्याहून वेगाने गेली. १९९७ चं आशियाई चलनसंकट आलं, १९९८ मध्ये अर्थव्यवस्था सुमारे ७ टक्क्यांनी आकसली आणि पुढे तो वेग परतला नाही. २०२० उजाडलं तेव्हा देश उच्च उत्पन्नाच्या रेषेखालीच होता. तरीही मलेशियाची गरिबी प्रचंड घटली, हे विसरू नये. मुदत हुकली म्हणून सगळंच वाया गेलं असं होत नाही.

जागतिक बँकेच्या २०२४ च्या विकास अहवालाप्रमाणे १९९० पासून फक्त ३४ मध्यम उत्पन्नाच्या अर्थव्यवस्था वरच्या गटात गेल्या. त्यांतल्या बऱ्याच युरोपीय संघात सामील झाल्यामुळे किंवा तेलामुळे.

आपल्याकडे वेळ किती आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशाचा एकूण जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) २.०, महाराष्ट्राचा १.७. कमावत्या वयाच्या लोकांचा फुगवटा महाराष्ट्रात देशाच्या आधी ओसरेल. राज्याच्या आराखड्यात २०३५ नंतरची बरीच वाढ माणसं वाढवून नव्हे, तर प्रत्येक माणसाचं उत्पादन वाढवून आणावी लागेल.

प्रगती दरवर्षी कशी तपासायची?

केंद्राची आर्थिक पाहणी अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते, राज्याची मार्चमध्ये. राज्याच्या पाहणीत जिल्हावार दरडोई उत्पन्नाचा तक्ता असतो, आपला जिल्हा राज्य सरासरीच्या किती टक्के आहे ते काढून दरवर्षी लिहून ठेवा. रोजगारासाठी श्रमशक्ती सर्वेक्षण, शाळांसाठी यूडायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद), खर्चाच्या खरेपणासाठी कॅगचे अहवाल. अर्थसंकल्पात ‘तरतूद’ नव्हे, दोन वर्षांपूर्वीच्या ‘प्रत्यक्ष खर्चा’चा रकाना वाचा.

राष्ट्रीय उत्पन्नाचं आधारवर्ष २०११-१२ वरून २०२२-२३ वर नेलं गेलं आहे, तेव्हा जुन्या मालिकेतला आकडा नव्या आकड्याशेजारी ठेवून वाढ काढू नका. दोन्ही टोकं एकाच मालिकेतली घ्या.